कशावरून

रात्रपाळी सुटते साडेसातला.
आठ वाजता मी टे नदीच्या काठी, अजून न उघडलेल्या चिप्सच्या टपरीमागे,
गाडीच्या काचा वर करून
माझाच आवाज ऐकत बसते.
"आणि तेव्हा तुमच्या मनात काय आलं?"
किती मऊ विचारते ही बाई!
आणि उत्तराने तोंड उघडायच्या आत
पुढचा प्रश्न.

मॉरागने समासात लिहिलंय, हिरव्या शाईने:
चौदाव्या मिनिटाला तो गप्प झाला होता.
ती शांतता त्याची होती. तू काढून घेतलीस.
पास व्हायला छत्तीस लागतात.
मला बत्तीस.

अकरा वर्षं डंडीच्या या इस्पितळात म्हाताऱ्यांच्या वॉर्डात काढली.
उशी सारखी करायची, पेला ओठांशी धरायचा,
कुणी रडलं की म्हणायचं, होईल हो सगळं नीट.
आता एकोणचाळिसाव्या वर्षी, दर गुरुवारी
विशीतल्या पोरांच्या शेजारी बसून शिकतेय
की 'होईल नीट' म्हणायचं नाही.
विचारायचं, कशावरून?
आई हाच शब्द वापरायची, कमरेवर हात ठेवून,
मी खोटं बोलतेय अशी खात्री असली की.
तोच शब्द मला आता
गरम दुधावरची साय उचलावी तसा
उचलायचाय.

शुक्रवारी डूगल पेट्री येतात.
टायरच्या कारखान्यात सव्वीस वर्षं,
पूल ओलांडून सहा वर्षं झालेली नाहीत.
पलीकडे न्यूपोर्टला बहीण, सेंगा.
रोज रात्री आठला ती खिडकीतला दिवा दोनदा विझवून लावते,
हे अलीकडून बघतात, मग जेवतात.
तक्त्यात त्यांनी लिहिलं:
प्रसंग – पूल.
विचार – मधोमध जीव जाईल.
विश्वास – पंचाण्णव टक्के.
पुरावा – गेलो नाही, म्हणून तर जिवंत आहे.
मला हसू फुटलं. त्यांनाही.
टेपवर तेही आहे. मॉरागने त्याचा एक गुण दिला.

पहिल्या आठवड्यात पुलाच्या लिफ्टच्या दारापर्यंत.
दुसऱ्या आठवड्यात वर, तिसऱ्या खांबापर्यंत.
दोन्ही बाजूंनी गाड्या, मध्ये आम्ही, खाली पाणी शिशासारखं.
त्यांचा हात कठड्यावर थरथरत होता
आणि तो धरायचा नाही, असा नियम.
अकरा वर्षांची सवय असलेला माझा हात
मी कोटाच्या खिशात मूठ करून डांबून ठेवला.

मग ते आलेच नाहीत.
एक शुक्रवार. दुसरा शुक्रवार.
रात्री तीनला नर्सच्या टेबलावर
मी माझाच तक्ता काढला.
वैरी चिंतणार नाही ते
मन कसं सुवाच्य अक्षरात चिंततं!
विचार – मी त्याला मोडलं. विश्वास – नव्वद.
बाजूचा पुरावा सहा ओळी.
विरुद्ध बाजूला पेन टेकवलं
तेवढ्यात नऊ नंबरच्या मिसेस गिलफिलन यांची घंटा.
त्यांना पाणी हवं होतं. नंतर म्हणाल्या, नको, नुसती बस.
बसले.
रकाना कोराच राहिला.

बुधवारी पाकीट आलं. आत पत्र नव्हतं,
न्यूपोर्टच्या दुकानाची पावती, वेळ रात्रीचे नऊ चाळीस:
दूध, बिस्किटं, एक बल्ब.
मागे पेन्सिलीने:
"दिवा लागला नाही. म्हणून गेलो.
जीव राहिला. टोपी गेली."

मॉरागला दाखवली.
ती बराच वेळ बघत राहिली.
म्हणाली, हे तुझं काम की बल्बचं?
मी म्हटलं, माहीत नाही.
ती म्हणाली, हे मात्र लिहून ठेव.

या शुक्रवारी नवी मुलगी आहे, कट्रीओना,
बाही चावते, माझ्याकडे बघत नाही.
चौदावं मिनिट आहे की नववं, कोण जाणे.
ती थांबली आहे.
माझ्या जिभेवर प्रश्न तयार आहे,
हात खिशात.
टेपचा लाल ठिपका चालू आहे,
आणि खोलीत तिची शांतता,
तिचीच.